सल्ला ही मेहेरबानी नव्हे

घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय हा मुंबईच्या पूर्व उपनगरांतील कष्टकरी माणसाचा पहिला आधार आहे आणि पुष्कळांच्या बाबतीत तोच शेवटचाही ठरतो. असल्फा आणि भटवाडीच्या टेकड्यांवरील दाट वस्त्या, रमाबाई आंबेडकर नगर, कामराज नगर, त्यापलीकडे गोवंडी आणि मानखुर्द, अशा दूरदूरच्या भागांतून माणसे येथे येतात. बहुतेकांचा एक दिवसाचा रोजगार बुडालेला असतो आणि गल्लीतल्या डॉक्टरकडे दोन-तीनदा पैसे मोजून झालेले असतात. पावसाळा सुरू झाला की ह्या गर्दीत तापाच्या रुग्णांची भर पडते. ताप सगळ्यांचा सारखाच दिसतो. पण एकाला मलेरिया असतो, दुसऱ्याला डेंग्यू, तिसऱ्याला विषमज्वर, तर चौथ्याला उंदराच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस. पहिल्या दोन दिवसांत ह्या चौघांना एकमेकांपासून वेगळे ओळखणे भल्याभल्या वैद्यांनाही अवघड जाते.

पण उपचाराचा निर्णय तर त्याच दोन दिवसांत घ्यावा लागतो. लेप्टोमध्ये पेनिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखे साधे, स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर रोगी वाचण्याची शक्यता मोठी असते. उशीर झाला तर मूत्रपिंडे, यकृत आणि फुप्फुसे ह्यांवर घाला पडतो. उलट डेंग्यूमध्ये प्रतिजैविकांचा काहीच उपयोग नसतो. तेथे शरीरातील पाण्याचा तोल तासातासाने सांभाळणे हाच उपचार. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, सारे शहर पाण्यात बुडाले आणि त्यामागोमाग लेप्टोची साथ आली. निदानातील एका दिवसाच्या उशिराची किंमत काय असते, हे त्या वेळी मुंबईला कळून चुकले. अशा क्षणी वॉर्डातील तरुण निवासी डॉक्टरसमोर एक साधा प्रश्न उभा राहतो : विचारायचे कोणाला?

वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकीय व्यवसायाच्या अंतर्गत व्यवहाराचा वाटतो. वस्तुतः तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे. मोठ्या खासगी रुग्णालयात अवघड संसर्गाचा रुग्ण आला की संसर्गरोगतज्ज्ञाला ‘रेफरन्स’ जातो. तज्ज्ञ येतो, रुग्ण तपासतो, केसपेपरवर आपले मत लिहितो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. प्रत्येक भेटीची रक्कम बिलात चढते. ज्याला ते बिल झेपते त्याला सल्ला मिळतो. सार्वजनिक रुग्णालयातील डॉक्टर मात्र बहुधा आपल्या जुन्या प्राध्यापकाला, नाहीतर ओळखीच्या ज्येष्ठ सहकाऱ्याला फोन करतो. त्यानेही आपला वेळ खर्चून चार शब्द सांगावेत, हा त्याचा चांगुलपणा. ह्या चांगुलपणावर असंख्य जीव वाचले आहेत आणि त्याबद्दल कृतज्ञ असलेच पाहिजे. पण ज्याच्या डॉक्टरची ओळख मोठी त्याचा रुग्ण भाग्यवान आणि ज्याची ओळख नाही त्याचा रुग्ण दुर्दैवी, ही व्यवस्था कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारी नाही. तज्ज्ञाचा सल्ला हा रुग्णाचा हक्क आहे. तो कोणाची मेहेरबानी असता कामा नये.

ह्या मार्गात पहिला अडसर आहे तो प्रतिष्ठेच्या खोट्या कल्पनेचा. डॉक्टरने दुसऱ्याला विचारले म्हणजे ‘ह्याला काही कळत नाही’, असे नातेवाईक समजतात. वरिष्ठाला विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, अशी भीती कनिष्ठाला वाटते. आणि दुसऱ्या विभागाला विचारण्यात कमीपणा आहे, असे कित्येक वरिष्ठांना वाटत असते. आपल्या समाजातील उच्चनीचतेची उतरंड अशा रीतीने रुग्णाच्या खाटेपर्यंत येऊन पोचते. मुंबईच्या वैद्यकीय इतिहासाने मात्र ह्याच्या नेमका उलटा धडा घालून दिलेला आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या वस्तीत तापाचे आणि जांघेत गाठी आलेले रुग्ण मरू लागले. डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोव्याच्या डॉक्टरने ही ग्रंथिक प्लेगची साथ असल्याचे निदान केले. बंदराचा व्यापार बंद पडेल ह्या धास्तीने ते निदान अनेकांना नकोसे झाले होते. त्याची शहानिशा तज्ज्ञांकडून करून घेण्यात आली आणि कलकत्त्याला पटकीच्या लसीचे काम करीत असलेल्या वाल्डेमार हाफकिन ह्यांना मुंबईला पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत काम करून हाफकिन ह्यांनी अवघ्या काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. वस्तीतील डॉक्टरने पाहिले, शंका घेतली आणि विचारले. जाणकाराने प्रयोगशाळेत बसून उत्तर शोधले. ह्या दोघांपैकी एक जरी नसता तरी त्या साथीचा इतिहास अधिक काळा झाला असता.

त्याच साथीने दुसराही धडा दिला. तज्ज्ञांचे मत सरकारी हुकूम बनून गोऱ्या सोजिरांच्या हातांनी लोकांच्या घरांत शिरले, तेव्हा लोक रुग्णालयांनाच भिऊ लागले आणि आपले रुग्ण लपवू लागले. जो सल्ला लोकांना विश्वासात घेत नाही तो कितीही शास्त्रशुद्ध असला तरी निष्फळ ठरतो. ह्या दोन्ही धड्यांच्या खुणा आजच्या मुंबईत उभ्या आहेत. १८९२ साली स्थापन झालेले, आर्थर रोडवरील संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. परळची हाफकिन संस्था १८९९ पासून उभी आहे. तिचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी ह्यांनी औषधनिर्मिती नफेखोरांच्या हाती न ठेवता सार्वजनिक क्षेत्रात व्हावी ह्यासाठी आयुष्यभर आग्रह धरला. १९५४ साली पिंपरीला सरकारी मालकीचा पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला, तोही ह्याच विचाराच्या काळात. औषध सार्वजनिक असावे हे त्या पिढीने ओळखले होते. औषध कोणते, केव्हा आणि किती दिवस द्यायचे हे ज्ञानही तितकेच सार्वजनिक असावे, हे पुढील पिढ्यांनी ओळखायला हवे होते.

ते ओळखले न गेल्याची जबर किंमत क्षयरोगाने वसूल केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतील १०० खासगी डॉक्टरांना क्षयाच्या औषधांची चिठ्ठी लिहावयास सांगितले होते. त्यांनी तब्बल ८० निरनिराळ्या पद्धती लिहून दिल्या. जवळजवळ २० वर्षांनी, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तशाच अभ्यासात १०६ डॉक्टरांनी ६३ निरनिराळे उपचार लिहिले आणि त्यांतील अवघ्या ६ जणांची चिठ्ठी बिनचूक निघाली. ह्या डॉक्टरांना दुष्ट किंवा आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु गल्लीत दवाखाना थाटून दिवसाला शेकडा रुग्ण तपासणाऱ्या ह्या माणसाला अडले असता कोणाला विचारावे, अशी कोणती सोय ह्या शहराने करून ठेवली होती? औषधकंपनीचा प्रतिनिधी दर आठवड्याला त्याच्या दारात येत होता. क्षयतज्ज्ञ मात्र त्याच्यापर्यंत कधीच पोचला नाही. ज्ञानाची रिकामी राहिलेली जागा बाजाराने भरून काढली.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. २०११ च्या अखेरीस आणि २०१२ च्या प्रारंभी हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी, तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे ४ रुग्ण जगासमोर मांडले. त्यांच्यापैकी तिघांना त्यापूर्वीच्या १८ महिन्यांत सरासरी ४ खासगी डॉक्टरांनी औषधे दिली होती. एकेक औषध सुटेसुटे वाढवीत नेलेले, मात्राही पुष्कळदा चुकलेल्या. रोगाला काय नाव द्यावे ह्यावर केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांनी बराच खल केला. नावाने रोग्याला फरक पडत नव्हता. मे २०१२ मध्ये क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. पुढे मुंबईतील क्षयनियंत्रणाची यंत्रणाही वाढली. दाद न देणाऱ्या क्षयाच्या अवघड रुग्णांवर तज्ज्ञांनी एकत्र बसून विचार करावा आणि दूरच्या डॉक्टरला मार्गदर्शन करावे, अशी रीतही राष्ट्रीय क्षय कार्यक्रमात आली. म्हणजे सल्ल्याची सार्वजनिक व्यवस्था उभारणे अशक्य आहे असे नाही. एका रोगापुरती ती उभारूनही दाखविली गेली. प्रश्न आहे तो इतर संसर्गांचा.

संसर्गरोगतज्ज्ञ नेमके काय वेगळे करतो, असे कोणी विचारील. रक्तात शिरणाऱ्या स्टॅफिलोकोकस ह्या जंतूचे उदाहरण घेता येईल. हा जंतू रक्तात सापडला की केवळ औषध सुरू करून भागत नाही. तो हृदयाच्या झडपेवर किंवा मणक्यात दडून बसला आहे काय ते शोधावे लागते, रक्ताचे कल्चर पुन्हापुन्हा करून जंतू गेल्याची खात्री करून घ्यावी लागते, औषध नेमके निवडावे लागते आणि ते पुरेसे दिवस, निदान दोन आठवडे, शिरेतून चालू ठेवावे लागते. ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी औषध थांबविले की रोग उलटतो. जेथे तज्ज्ञाचा सल्ला घेतला गेला तेथे ह्या रोगाने होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी झाले, असे देशोदेशींच्या अनेक अभ्यासांनी दाखविले आहे. फिनलंडमधील एका अभ्यासाने तर आणखी महत्त्वाची गोष्ट सांगितली : खाटेपाशी येऊन रुग्ण तपासून दिलेला सल्ला हा केवळ फोनवर दिलेल्या सल्ल्यापेक्षा अधिक जीव वाचवितो. कारण फोनवर तज्ज्ञाला तेवढेच कळते जेवढे विचारणाऱ्याला ठाऊक असते. जे त्याच्या नजरेतून निसटले ते फोनवरून दिसत नाही. ओळखीपाळखीच्या फोनांवर चालणाऱ्या आपल्या पद्धतीची मर्यादा ह्याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

कोविडच्या काळात ह्या साऱ्या प्रश्नाला एकदम धार आली. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने डॉ. संजय ओक ह्यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचे कृती दल नेमले आणि रुग्णालयांतील डॉक्टरांना उपचारांबाबत एका ठिकाणाहून मार्गदर्शन मिळू लागले. हे निःसंशय स्तुत्य होते. पण सल्ला असणे आणि सल्ला चालणे ह्यांत अंतर असते. रेमडेसिविरने मृत्यू टळतात असा पुरावा नाही, म्हणून ते रुग्णांना सरसकट देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले. तरीही एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रभर त्या औषधासाठी रांगा लागल्या, काळाबाजार झाला आणि बायकांचे दागिने गहाण पडले. रक्तद्रवाच्या उपचाराचा फायदा होत नाही असे देशातल्याच ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवरील चाचणीने २०२० मध्ये दाखविले. तो उपचार सरकारी मार्गदर्शिकेतून वगळायला मे २०२१ उजाडला. त्याच सुमारास काळ्या बुरशीने शेकडो माणसांचे डोळे आणि जबडे गेले, आणि त्यामागे अनियंत्रित मधुमेहाबरोबरच बेसुमार दिलेली स्टेरॉइडे हे एक कारण होते. मुंबईच्या दफ्तरातून निघालेली मार्गदर्शिका वॉर्डातल्या डॉक्टरच्या टेबलावर पडून राहिली तर ती एक कागद असते. त्या डॉक्टरला ‘हे औषध नको’ असे म्हणण्याचे बळ यावे ह्यासाठी त्याच्या शेजारी उभे राहणारा जाणकार माणूस लागतो.

सल्ल्याचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो असेही मानू नये. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची साथ पसरली, बालके दगावली आणि केंद्राचे पथक मुंबईत आले. लस न मिळालेली मुले कोठे आहेत, कोणत्या गल्लीत पुरळ उठलेले मूल घरीच झोपवून ठेवले आहे, हे वस्तीतल्या आरोग्यसेविकेला आणि तेथल्या डॉक्टरला तज्ज्ञाच्या आधी कळते. तिने आणि त्याने विचारावे आणि कळवावे अशी जागा तयार असेल तर साथ आठवडाभर आधी दिसू शकते. मांडवीतील व्हिएगस ह्यांची परंपरा हीच होती.

तेव्हा करावयाचे काय? मुंबई महापालिकेजवळ कस्तुरबा रुग्णालय आहे. कोविडच्या पहिल्या तपासण्या तेथे झाल्या आणि ऑगस्ट २०२१ पासून विषाणूंच्या जनुकीय तपासणीची प्रयोगशाळाही तेथे आहे. केईएम, नायर आणि शीव येथील महाविद्यालयीन रुग्णालये आहेत. ह्या सर्वांना जोडून संसर्गरोगांचे एक सल्लापथक उभारता येईल. दिवसरात्र उचलला जाणारा एक फोन, उपनगरीय रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी तज्ज्ञांची फिरती, अवघड रुग्णासाठी त्याच दिवशी खाटेपाशी भेट, आणि दिलेल्या प्रत्येक सल्ल्याची केसपेपरवर सही-तारखेनिशी नोंद, एवढ्या चार गोष्टींनी आरंभ होऊ शकतो. घाटकोपरच्या तापाच्या रुग्णाला रुग्णवाहिकेत घालून चिंचपोकळीला पाठविण्यापेक्षा चिंचपोकळीचे ज्ञान घाटकोपरला आणणे रुग्णाच्या हिताचे आहे आणि पालिकेच्याही.

ह्यावर आक्षेप घेतले जातील. पहिला, असे तज्ज्ञ आहेत कोठे? खरे आहे, संसर्गरोगांचे पूर्ण शिक्षण देणारे अभ्यासक्रम देशात मोजकेच आहेत. पण तज्ज्ञ थोडे असतात तेव्हाच त्यांचे ज्ञान सर्वांत वाटून घेण्याची व्यवस्था अधिक लागते. नाहीतर ते थोडे तज्ज्ञ जेथे पैसा आहे तेथेच जमतात. दुसरा आक्षेप खर्चाचा. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून मोठा होता. त्यात पाच-दहा तज्ज्ञांचा पगार बसत नाही असे म्हणणे हा कष्टकऱ्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. नको असलेली महागडी प्रतिजैविके जरी टळली तरी ह्या खर्चाचा मोठा वाटा भरून निघेल. तिसरा आक्षेप डॉक्टरच्या स्वातंत्र्याचा. सल्ला हा हुकूम नव्हे. अखेरचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरचाच राहील. मात्र सल्ला मानला नाही तर का मानला नाही, हे त्याने लिहून ठेवावे. त्याने त्याचे स्वातंत्र्य कमी होत नाही, जबाबदारी तेवढी स्पष्ट होते.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. परिचारिका नाहीत, प्रयोगशाळेचा अहवाल वेळेवर येत नाही, औषधाच्या खिडकीवर ‘बाहेरून आणा’ असे उत्तर मिळते, अशा ठिकाणी जगातला सर्वांत मोठा तज्ज्ञही हतबल होईल. पहिली प्रतिजैविकाची मात्रा देण्यापूर्वी रक्त कल्चरसाठी घेतले गेले पाहिजे. त्याला बाटली लागते, ती भरणारा माणूस लागतो आणि रात्री दोन वाजताही ती स्वीकारणारी प्रयोगशाळा लागते. पालिकेने उपनगरांतील अतिदक्षता विभागांसाठी बाहेरच्या संस्थांकडून डॉक्टर घेण्याची वाट धरली. २०२५ साली गोवंडी-मानखुर्दकडील रुग्णालये खासगी भागीदारीत देण्याचे प्रस्ताव पुढे आले आणि तेथील रहिवाशांनी त्यांना विरोध केला. कंत्राटावर आलेला डॉक्टर आज येथे, उद्या तेथे. त्याने कोणाला विचारायचे आणि त्याच्याकडून कोणी शिकायचे? सल्ल्याची परंपरा कायम माणसांतून घडते. आणि मार्च २०२२ पासून पुढे कित्येक वर्षे महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते, त्यामुळे हे प्रश्न अधिकाऱ्यांना जाहीरपणे विचारणारेही कोणी उरले नव्हते, हे विसरता येत नाही.

म्हणून ह्या कामात कार्यकर्त्यांची भूमिका महत्त्वाची आहे. आपल्या विभागातील रुग्णालयात रक्ताच्या कल्चरचा अहवाल किती दिवसांनी मिळतो, अवघड संसर्गासाठी तज्ज्ञाला बोलावण्याची लेखी पद्धत आहे काय, कोणती औषधे बाहेरून आणावी लागतात, ह्याची माहिती त्यांनी गोळा करावी आणि नगरसेवकांना तिचा जाब विचारावा. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाला जुन्या चिठ्ठ्या आणि अहवाल जपून ठेवावयास सांगावे, कारण पुढच्या डॉक्टरला त्यांवाचून अंधारात चाचपडावे लागते. ‘इंजेक्शन द्याच’, ‘भारीतले औषध लिहा’ असा हट्ट वस्तीत कोणी धरीत असेल तर त्याला समजावून सांगावे. आणि मुख्य म्हणजे, डॉक्टर दुसऱ्याला विचारतो आहे हे पाहून चिडलेल्या नातेवाइकांची समजूत घालावी. वॉर्डात डॉक्टरवर उगारलेला हात पुढच्या वेळी त्याला प्रश्न विचारण्यापासून परावृत्त करतो, आणि त्याची शिक्षा पुढच्या गरीब रुग्णाला भोगावी लागते.

‘मला ठाऊक नाही, विचारून सांगतो’ असे राजावाडीतल्या तरुण डॉक्टरला निर्भयपणे म्हणता आले पाहिजे, आणि त्याने विचारल्यावर उत्तर देण्यास बांधलेला माणूस पालिकेने नेमलेला असला पाहिजे. मागणी एवढीच आहे. येत्या पावसाळ्यात पुन्हा टेकड्यांवरून तापाचे रुग्ण उतरतील. त्याआधी महापालिकेने ह्या मागणीचे उत्तर द्यावे.